हॅवलॉकची रात्रीची कयाक सहल: पोहता न येणाऱ्यांनी जावे का, आणि कोणत्या तिथीला?

धानपट्टा (तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया)

सर्वांना नमस्कार. खरिपाचा धान निघून आधारभूत केंद्रावर त्याचा काटा झाला की इटियाडोह धरणाचे पाणी सुटून उन्हाळी धानाची रोवणी लागेपर्यंत आमच्या घरी थोडी सवड असते. यंदा त्या सवडीत अंदमानला जाऊन येण्याचे जवळपास ठरले आहे. आमची भाची नागपूरला शिकते. तिने हॅवलॉक बेटावरच्या एका सहलीची माहिती काढली असून, अंधाऱ्या रात्री गाइडसोबत कयाक म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या नावेतून खारफुटीच्या खाडीत जायचे आणि वल्हे मारले की पाणी निळे उजळते ते पाहायचे, असा तो कार्यक्रम आहे. तिने दाखवलेल्या चित्रफितीत तर आख्खी खाडी पेटल्यासारखी दिसते.

जाणारे आम्ही चौघे: मी, सौ., भाची आणि माझे मामा. मामांची हयात मालगुजारी तलावात डोंगा चालवण्यात गेली, ते आजही मत्स्य सहकारी संस्थेचे सभासद आहेत आणि पाण्याची भीती त्यांना ठाऊक नाही. मला आणि सौ.ला मात्र पोहता येत नाही, आणि समुद्र आम्ही आजवर पाहिलेला नाही. चित्रफितीत दिसते तसे खरोखर दिसते का, पोहता न येणाऱ्याने रात्री अशा नावेत बसावे का, आणि गाइड ठरवताना त्याला नेमके काय विचारावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. विमानाची तिकिटे अजून काढलेली नाहीत, त्यामुळे तारखा मागेपुढे करता येतील.

झाडीचा पाहुणा (मूळ गाव साकोली तालुका, नोकरी पोर्ट ब्लेअर)

भाऊ, तिकिटे काढण्याआधी विचारले हे उत्तम केले, कारण या सहलीचे यश बहुतांशी तिथीवर ठरते आणि तिकीट निघाले की तिथी बदलता येत नाही. पाण्यातला हा प्रकाश इतका मंद असतो की आकाशात अर्धा चंद्र असला तरी तो फिका पडतो, आणि पौर्णिमेच्या आसपास तर वल्ह्याजवळ चार ठिणग्या दिसल्या तरी नशीब म्हणायचे. तेव्हा आधी पंचांग उघडावे आणि मग विमानाचे भाडे पाहावे.

संकष्टीचा उपास करणाऱ्या घरात हा हिशेब सोपा जातो. संकष्टीला चंद्र रात्री साधारण साडेआठ-नऊच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येतो, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. अंदमानात मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ही बेटे नागपूरच्या कितीतरी पूर्वेला आहेत, पण घड्याळ तेच भारतीय वेळेचे आहे. त्यामुळे सूर्य आणि चंद्र दोन्ही तिथे घड्याळाच्या हिशेबाने जवळपास तासभर लवकर उगवतात आणि तितकेच लवकर मावळतात. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि सहा वाजता पुरता काळोख असतो. हे सर्व जमेस धरले तर सायंकाळच्या सहलीसाठी कृष्ण सप्तमी-अष्टमीपासून अमावास्या ओलांडून शुक्ल तृतीयेपर्यंतचे दिवस निश्चिंतपणे धरावेत. शुक्ल पक्षातलेच दिवस तुमच्या वाट्याला आले तरी सगळे संपले असे नाही, कारण त्या पक्षात चंद्र आधी मावळतो आणि काही गाइड पहाटेच्या अंधारात सहली नेतात. दशमीपर्यंत पहाटे तीनला आकाश काळेच असते. एवढ्या रात्री उठण्याची तुमच्या मामांना सवय असेलच, भाचीचे तेवढे पाहावे लागेल.

दुसरा मुद्दा भरतीचा. खारफुटीच्या चिंचोळ्या फाट्यांत कयाक शिरण्यासाठी पुरेसे पाणी लागते, म्हणून गाइड निघण्याची वेळ भरती-ओहोटीचे तक्ते पाहून ठरवतो. अमावास्येच्या सुमारास उधाण असल्यामुळे ओहोटीला खाडीत निव्वळ चिखल उरतो. म्हणून सहलीची वेळ रोज बदलते, आणि वेळ बदलल्याचा निरोप आला तर गाइड टाळाटाळ करतो आहे असे समजू नये. उलट जो गाइड महिनाभर रोज एकाच ठरलेल्या वेळेला नेतो, त्याच्याकडे मी थोड्या संशयाने पाहीन.

हवामानाच्या दृष्टीने जानेवारी ते मार्च हा काळ चांगला. डिसेंबरात कधीकधी ईशान्य मोसमी पावसाची सर येते, आणि वादळी वारे सुटले की पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जाणाऱ्या बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाआधीची रात्र हॅवलॉकवर न काढता पोर्ट ब्लेअरला काढावी, हे त्याचसाठी. तिकिटे शोधताना नावांचा घोळ होऊ नये म्हणून सांगतो: हॅवलॉकचे अधिकृत नाव 2018 सालापासून स्वराज द्वीप असे आहे, आणि पोर्ट ब्लेअरचे नाव 2024 साली श्री विजयपुरम असे झाले. बोलताना मात्र सगळे अजून जुनीच नावे घेतात.

आरमोरीचे गुरुजी

चित्रफितीविषयी लिहितो, कारण शाळेत जीवशास्त्र शिकवताना हा प्रश्न मुले हमखास विचारतात.

हा प्रकाश पाण्याचा नसून पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा असतो. डायनोफ्लॅजेलेट या गटातल्या काही जाती ही जीवदीप्ती दाखवतात. आपल्या देशाच्या किनाऱ्यांवर नॉक्टिल्युका हा त्यांतला सर्वांत परिचित जीव आहे. तो एकपेशीय असूनही एक मिलिमीटरच्या आसपास वाढू शकतो, म्हणजे ओंजळीत पाणी घेऊन नीट निरखले तर साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे कण नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतात. पेशीला धक्का लागला की तिच्या आवरणावरून विद्युत संवेदन धावते, आतल्या सूक्ष्म पुटिकांमध्ये आम्लता वाढते आणि ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने ल्युसिफेरिनचे ऑक्सिडीकरण होऊन निळा प्रकाश बाहेर पडतो. एका पेशीची ही चमक सेकंदाच्या दहाव्या भागाएवढीच टिकते. आपल्याला सलग रेघ दिसते, कारण वल्हे पुढे सरकत असताना हजारो पेशी एकीपाठोपाठ एक चमकत जातात. धक्का नाही तर प्रकाश नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे शांत खाडी काळीच का दिसते हे कळते आणि तिथे पोहोचताच मन खट्टू होत नाही.

जीव असे का करतो, याचे एक स्पष्टीकरण मला फार पटते. नॉक्टिल्युका किंवा त्याचे भाऊबंद खायला बारीक कवचधारी प्राणी येतात. त्यांचा स्पर्श झाला की पेशी उजळते आणि तो खाणाराच अंधारात उघडा पडतो, म्हणजे त्याला खाणाऱ्या माशाला आयता सापडतो. रात्री बांधावरून धान चोरणाऱ्याच्या अंगावर कोणीतरी बॅटरी मारावी, तसाच हा प्रकार. शास्त्रज्ञही या कल्पनेला चोरघंटेची उपमा देतात.

आता कॅमेऱ्याबद्दल. चित्रफितीतली झळाळी खोटी असतेच असे नाही, पण कॅमेरा काही सेकंदांचा प्रकाश साठवून एका चित्रात ओततो, आणि माणसाचा डोळा तसे साठवत नाही. शिवाय मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग ओळखता येत नाहीत, त्यामुळे कित्येकांना हा प्रकाश निळ्यापेक्षा पांढुरका किंवा फिकट हिरवट दिसतो. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मधेच कोणी मोबाईलचा पडदा उघडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या बाबतीत आपण खेड्यातली माणसे शहरवाल्यांपेक्षा वरचढ आहोत. भारनियमनाने एवढी एक तरी सोय करून ठेवली आहे.

काहींच्या मनात येईल म्हणून जाता जाता लिहितो: आपल्या तलावांत, बोड्यांत किंवा वैनगंगेत असे काही दिसणार नाही. गोड्या पाण्यात जीवदीप्ती अतिशय दुर्मीळ आहे, न्यूझीलंडच्या ओढ्यांतली लॅटिया नावाची एक छोटी गोगलगाय हे त्याचे ठळक उदाहरण. लोणारचे सरोवर 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झाले होते, परंतु तो खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा परिणाम होता, त्यात प्रकाश नव्हता. काजव्याचा प्रकाश मात्र याच्या दूरच्या नात्यातला आहे. रासायनिक कल्पना तीच, पण काजव्याचे ल्युसिफेरिन सर्वस्वी वेगळे असते.

वरोऱ्याचा प्रवासी

गुरुजींचे विवेचन वाचून समाधान झाले, पण धानपट्टा यांनी एक दुसरी बाजूही ऐकावी. आम्ही कुटुंबासह हॅवलॉकला गेलो तेव्हा हॉटेलात बसलेल्या दलालाने छातीठोकपणे सांगितले की हा प्रकाश वर्षातल्या प्रत्येक रात्री दिसतो. तिथी कोणती, चंद्र कधी मावळणार, यातले काहीही त्याने सांगितले नाही. खाडीत पोहोचलो तर डोक्यावर एकादशीचा चंद्र. वल्ही मारून हात भरून आले आणि दिसले काय, तर झाडाच्या सावलीत कुठेतरी दोन-चार ठिणग्या. पैसे परत मागितले तेव्हा निसर्गाची हमी देता येत नाही, असे उत्तर मिळाले. निसर्गाची हमी नसते हे मान्य, पण चंद्रोदयाची वेळ तर वर्षभर आधी छापलेली असते.

म्हणून माझा सल्ला असा की पैसे देण्यापूर्वी दोनच गोष्टी लेखी, निदान व्हॉट्सअॅपवर तरी विचारून घ्याव्यात. त्या रात्री सहलीच्या वेळी चंद्र आकाशात असेल का? पाऊस, वारा किंवा भरतीमुळे सहल रद्द झाली तर पैसे परत मिळतील की नुसती दुसरी तारीख मिळेल? पहिल्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याकडे जाऊ नये.

वैनगंगापार (मूळ ब्रह्मपुरी, सध्या परदेशी)

आपल्या भाचीने दाखवलेली चित्रफीत बहुधा अंदमानची नसावी. महाजालावर फिरणाऱ्या अशा बऱ्याच चित्रफिती कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावरच्या असतात, आणि तिथल्या खाड्यांशी तुलना करून अंदमानला गेलात तर निराशा पदरी येईल. मी प्वेर्तो रिकोतल्या फहार्दो गावाजवळच्या लागुना ग्रांदे या खाजणात अशी कयाक सहल केली आहे, म्हणून फरक सांगतो.

तिथे अशा तीन प्रसिद्ध जागा आहेत. व्हिएकेस बेटावरच्या मॉस्किटो बे या खाडीला 2006 साली जगातली सर्वांत तेजस्वी खाडी म्हणून गिनीज विक्रम मिळाला. दुसरी लागुना ग्रांदे आणि तिसरी ला पार्ग्वेरा. तिथे चमकणारा मुख्य जीव नॉक्टिल्युका नसून पायरोडिनियम बहामेन्से नावाचा डायनोफ्लॅजेलेट आहे. तो वर्षभर टिकतो याचे कारण खाडीच्या ठेवणीत आहे. तोंड चिंचोळे असल्यामुळे आतले पाणी समुद्रात लवकर वाहून जात नाही, आणि काठच्या तांबड्या खारफुटीची कुजलेली पाने या जीवांना पोषण पुरवतात. आपल्या किनाऱ्यांवर बहुधा असे नसते. तिथे जीवांचा बहर येतो आणि वाऱ्या-प्रवाहांबरोबर ओसरतोही.

सहल कशी असते तेही सांगतो, कारण पद्धत सगळीकडे साधारण सारखीच आहे. दोघांची एक कयाक असते आणि ताकदीचा माणूस मागे बसतो, कारण दिशा तोच राखतो. धक्क्यावर वल्हे धरण्याचे धडे मिळतात, प्रत्येक कयाकच्या मागे एक मंद दिवा बांधलेला असतो, आणि मग खारफुटीच्या बोगद्यासारख्या कालव्यातून एकामागोमाग एक आत जायचे. परतणाऱ्या कयाक समोरून येत असतात म्हणून उजवी बाजू सोडायची नाही, तरी नवशिकी मंडळी एकमेकांवर आपटतातच. मुळे अंगाला घासतात आणि डास तर विचारूच नका. कालवा संपून खाजण उघडले की बोलणे आपोआप थांबते. वल्हे वर उचलले की त्याच्या पात्यावरून गळणारा प्रत्येक थेंब पाण्यावर पडताना वेगळा उजळत होता. काही थेंब माझ्या पँटवर पडले, ते तिथे क्षणभर लुकलुकले आणि विझले. कयाकखालून मासा गेला की नुसती रेघ दिसे, मासा दिसत नसे. त्या रात्री ढगांतून थोडे चांदणे झिरपत होते, तेव्हा गाइडने सरळ एक काळी ताडपत्री आमच्या डोक्यावरून ओढली आणि तिच्याखाली हात पाण्यातून फिरवायला सांगितला. उपाय गावठी होता, पण झकास चालला.

तिथे लागुना ग्रांदे आणि मॉस्किटो बे या दोन्ही ठिकाणी पाण्यात उतरून पोहण्यास बंदी आहे, कारण अंगावरचे मलम, तेल आणि डास पळवणारी रसायने या जीवांना मारक ठरतात. 2017 सालच्या मारिया चक्रीवादळानंतर मॉस्किटो बे कित्येक महिने काळीच राहिली आणि नंतर हळूहळू सावरली. इतकी नाजूक गोष्ट असते ही. अंदमानला जातानाही अंगाला काही चोळू नये. डासांसाठी लांब बाह्यांचा सदरा आणि पायघोळ विजार पुरेशी आहे.

देवगडची लेक (माहेर देवगड, सासर पवनी)

धानपट्टा दादा, अंदमानचा खर्च चौघांचा आहे म्हणून एक जवळचा पर्यायही सुचवते. आमच्या सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत अलीकडच्या वर्षांत हिवाळ्यात निळ्या लाटा दिसल्याच्या बातम्या येतात. देवगड, मालवण, गुहागर, गणपतीपुळे या पट्ट्यांत लोक रात्री मुद्दाम किनाऱ्यावर जातात, आणि 2020 च्या नोव्हेंबरात तर मुंबईला जुहूच्या किनाऱ्यावरही त्या दिसल्या होत्या. गोंदियाहून कोल्हापूरला महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट जाते आणि पुढे एस.टी. आहे. प्रवास लांबचा असला तरी विमान लागत नाही, आणि पोहता न येणाऱ्याला नुसते वाळूत उभे राहून पाहता येते. ओल्या वाळूवर पाय आपटला की पावलाभोवती ठिणग्या उडतात, ते माझ्या सासूबाईंनी पाहिले तेव्हा त्या चप्पल हातात घेऊन बराच वेळ तेच करत होत्या.

मात्र भरवसा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. बहर आला तर आठवडाभर राहतो, नाहीतर दोन रात्रींत जातो. गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारल्याखेरीज निघू नये. शिवाय हा बहर दरवेळी आनंदाचाच असतो असे आमच्याकडचे मच्छीमार मानत नाहीत. नॉक्टिल्युका फार दाट झाला की तो मेल्यानंतर पाण्यात अमोनिया वाढतो, प्राणवायू घटतो आणि मासळी त्या पाण्यापासून दूर जाते. पर्यटक ज्या रात्री टाळ्या वाजवतात त्या रात्री जाळी रिकामी येऊ शकतात. तुमच्या मामांना ही गोष्ट आमच्यापेक्षा अधिक कळेल.

धानपट्टा

आपण सर्वांनी एवढ्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. वैनगंगापार यांचा तर्क बरोबर निघाला, भाचीने पुन्हा पाहिले तेव्हा चित्रफितीखाली प्वेर्तो रिकोचेच नाव होते. घरात चर्चा होऊन अंदमानच कायम ठरले, कारण मामांना वीर सावरकरांची कोठडी पाहायची आहे आणि त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही. ताई, कोकणचा बेत पुढच्या हिवाळ्यासाठी राखून ठेवतो. पंचांग काढून पौष अमावास्येच्या आसपासचे दिवस नक्की करत आहोत.

आता शंका उरली ती सुरक्षेची. मामांचे म्हणणे असे की जो माणूस डोंग्यात उभा राहून जाळे फेकतो, त्याला लाइफ जॅकेट कशाला? आणि सौ. विचारते की खाडीत मगरी असतात हे खरे का? तिने कोणाकडून तरी ऐकले आहे, आणि तेव्हापासून तिचे मन थोडे मागे हटते आहे.

झाडीचा पाहुणा

वहिनींनी ऐकले ते खरे आहे आणि ते लपवून उपयोग नाही. अंदमानच्या खाड्यांत आणि खारफुटीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 साली हॅवलॉकच्याच राधानगर किनाऱ्याजवळ एका अमेरिकी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. याचा अर्थ सहलीला जाऊच नये असा नाही. कयाक सहली ठरावीक पट्ट्यात नेल्या जातात आणि चांगला गाइड रोजच्या वावरामुळे त्या पट्ट्यावर नजर ठेवून असतो. पण एकट्याने नाव भाड्याने घेऊन अंधारात फिरणे, गाइडने सांगितल्याखेरीज पाण्यात उतरणे, काठच्या चिखलात पाय टाकणे, हे चौघांनीही कटाक्षाने टाळावे, आणि मामांनी विशेष करून टाळावे, कारण ज्याला पाण्याची भीती नसते तोच पहिला उतरतो. त्या भागात अलीकडे मगर दिसली होती का, आणि दिसल्यास सहली थांबवल्या जातात का, हा प्रश्न गाइडला तोंडावर विचारावा. वरोऱ्याच्या मित्रांच्या दोन प्रश्नांत हा तिसरा घालावा. प्रकाश पाहायला हात पाण्यात घालायलाच हवा असे काही नाही, वल्ह्याने तो अधिक चांगला दिसतो.

लाइफ जॅकेटबाबत मामांना माझा नमस्कार सांगून असे सांगा की डोंगा आपल्या तलावात उलटला तर काठ कुठे आहे हे त्यांना अमावास्येच्या रात्रीही कळते, खारफुटीत मात्र चारी बाजूंना सारखीच झाडे असतात आणि ओहोटीची ओढ कोणत्या बाजूची हे स्थानिकालाच माहीत असते. शिवाय जॅकेट घातले नाही तर गाइड बसूच देणार नाही. जॅकेट नुसते अडकवून भागत नाही. सगळे पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने ते खांद्याकडून वर उचलून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले तर सैल आहे, बदलून घ्यावे. कयाक उलटली तरी ती बुडत नाही, म्हणून पोहायचा प्रयत्न न करता तिला धरून राहायचे आणि हाक मारायची. प्रत्येक जॅकेटला शिटी आहे का, तेही निघण्याआधी पाहावे.

पोहता न येणारे लोक रोज जातात, त्यात विशेष काही नाही. फक्त तुम्ही आणि वहिनी दोघे मिळून एका कयाकमध्ये बसू नका. आपण पोहू शकत नाही हे गाइडला आधीच सांगून वहिनींना त्याच्या किंवा त्याच्या मदतनिसाच्या कयाकमध्ये पुढे बसवावे आणि तुम्ही मामांच्या पुढे बसावे. भाचीला पोहता येत असेल तर तिची सोय गाइड लावेल.

आरमोरीचे गुरुजी

एक बारीक गोष्ट राहिली. मामांना मोतीबिंदूचा त्रास सुरू झाला असेल, तर मंद प्रकाश त्यांना भाचीपेक्षा बराच कमी दिसेल. साठीनंतर डोळ्याची बाहुली अंधारात तरुणपणाइतकी उघडत नाही, हेही एक कारण असते. जाण्यापूर्वी गोंदियाला किंवा नागपूरला डोळे तपासून घ्यावेत, म्हणजे एवढ्या लांब जाऊन त्यांची निराशा व्हायची नाही.

धानपट्टा

गुरुजी, मामांचा डावा डोळा मागच्या वर्षीच झाला आहे, उजव्याची तारीख फेब्रुवारीत होती. आपला निरोप वाचून दाखवल्यावर ते स्वतःच म्हणाले की ती अलीकडे आणून घेऊ. उद्या रुग्णालयात फोन करतो, आणि शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर खाऱ्या पाण्यात व विमानात किती दिवसांनी जाऊ देतात ते विचारून मगच तिकिटे काढतो. तोवर पौष अमावास्या हाताशी राहिली नाही, तर माघ अमावास्येचे दिवस धरू. रोवणीचे तेवढे दिवस भावाला सांभाळायला सांगितले आहे.